कचेरीतील ऊब : चंदीगडच्या दालनांचा धडा

‘ऊब’ हा शब्द मराठी माणूस गोधडीसाठी वापरतो, चुलीसाठी वापरतो आणि जिवलगांच्या सहवासासाठीही वापरतो. कचेरीसाठी मात्र तो सहसा कोणी वापरीत नाही. कचेरी म्हटली की वेगळेच चित्र डोळ्यांपुढे येते: उंच छत, मळकट भिंती, पत्र्याची कपाटे, फरशीवर ओढताच किंचाळणाऱ्या खुर्च्या आणि दाराशी हातातील अर्जाची घडी पुन्हापुन्हा घालीत उभा असलेला माणूस. त्याला आत बोलावले जाते. समोरच्या खुर्चीच्या कडेवर तो बसतो. घरून मनाशी जुळवून आणलेली वाक्ये त्याला ऐन वेळी आठवत नाहीत, आणि ‘बरं, येतो’ असे म्हणून तो उठतो. जे सांगावयाचे होते त्यातील निम्मे तसेच त्याच्यापाशी राहून गेलेले असते.

हा दोष नेहमी अधिकाऱ्याच्या स्वभावाचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो खोलीचा असतो. ज्या खोलीत आवाज घुमतो, प्रकाश डोळ्यांवर येतो, पाठ टेकता येत नाही आणि समोरचा माणूस रुंद मेजापलीकडे दूर बसलेला असतो, त्या खोलीत मोकळेपणाने बोलणे कठीण असते. साप्ताहिक बैठकीची गोष्टही निराळी नाही. रांगेच्या टोकाला बसलेला कनिष्ठ कर्मचारी तासभर काहीच बोलत नाही. त्याचे मौन म्हणजे संमती असे गृहीत धरून ठराव संमत होतात.

बैठकीच्या खोलीला ऊब आणण्याचा विषय निघाला की दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की हा चैनीचा विषय आहे आणि त्यासाठी तरतूद नाही. दुसरा असा की कचेरीला थोडा कोरडेपणा शोभतोच. घरगुतीपणाने तिचा दबदबा कमी होतो. या दोन्ही आक्षेपांचा विचार करण्यासाठी एका शहराचे उदाहरण फार उपयोगी पडते. ते शहर म्हणजे चंदीगड.

निर्वासित राज्याची राजधानी

१९४७ साली देशाची फाळणी झाली आणि पंजाबची राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबला स्वतःची अशी राजधानी उरली नाही. सरकारचा कारभार सिमल्याहून चालू लागला. एकीकडे लक्षावधी निर्वासितांच्या पुनर्वसनाचा बोजा होता, तर दुसरीकडे नव्या राजधानीची निकड होती. प्रारंभी अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मायर आणि वास्तुशिल्पज्ञ मॅथ्यू नोविकी यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले. १९५० साली नोविकी यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. त्यानंतर पंजाब सरकारचे अधिकारी पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा हे यूरोपात गेले आणि ल कॉर्ब्यूझ्ये, त्यांचे चुलतभाऊ पीएर झानरे, तसेच मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य यांची नेमणूक झाली. त्यांच्याबरोबर तरुण भारतीय वास्तुशिल्पज्ञांचा एक संचही कामाला लागला. त्यात एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, युली चौधरी यांच्याबरोबर प्रभावळकर आणि देठे ही मराठी वाचकांना जवळची वाटतील अशी नावेही होती.

या शहराविषयी लिहिताना बहुधा त्याच्या आराखड्याविषयी, रुंद रस्त्यांविषयी आणि काँक्रीटच्या भव्य इमारतींविषयी लिहिले जाते. आपल्याला येथे त्या इमारतींच्या आत डोकवावयाचे आहे. सचिवालयाची इमारत २५४ मीटर लांब आणि ४२ मीटर उंच आहे. एवढ्या अवाढव्य वास्तूत बसणारा लिपिक मात्र साडेपाच फूट उंचीचाच असतो. उघड्या काँक्रीटच्या भिंती, कठीण फरशी आणि उंच छत यांच्यामध्ये त्याने दिवसाचे सात-आठ तास काढावयाचे. आणि तेही अशा गावात, जेथे मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि जानेवारीत पहाटे दाट धुके पडून हात गारठतात. भिंती उभ्या राहिल्या म्हणजे कचेरी तयार झाली असे होत नाही, हे तेथील मंडळींच्या लवकरच ध्यानात आले. खुर्च्या हव्या होत्या, मेजे हवी होती, फायली ठेवण्यास घोडे हवे होते, ग्रंथालयात बाके हवी होती. तेही हजारोंच्या संख्येने आणि परवडेल अशा दरात हवे होते.

खुर्चीचा विचार

ल कॉर्ब्यूझ्ये वर्षातून काही काळच भारतात येत. झानरे मात्र १९५१ पासून १९६५ पर्यंत येथेच राहिले. सेक्टर ५ मधील ज्या घरात त्यांचा मुक्काम होता तेथे २०१७ साली संग्रहालय करण्यात आले आहे. बांबू, वेत आणि दोरी यांपासून स्वतःच्या घरासाठी सामान बनविण्याचा त्यांना छंद होता. हाच दृष्टिकोन त्यांनी सरकारी सामानासाठीही वापरला. त्यांचा प्रश्न साधा होता: येथे काय मिळते, येथील सुताराला काय येते, आणि येथील हवेत माणसाला कशावर बसणे सुखाचे वाटते?

लाकूड मिळत होते ते सागवान आणि शिसम. वेत विणणारे कारागीर होते. सुतारांपाशी पटाशी, रंधा आणि पिढीजात कसब होते. अवजड यंत्रे नव्हती. या तीन गोष्टींतून जी खुर्ची तयार झाली तिची ठेवण आज जगभर ओळखली जाते. कंपासाचे दोन पाय उघडून उभे करावेत तसे तिचे पाय दोन्ही बाजूंना उलट्या ‘व्ही’च्या आकारात असतात. वर आडवा हात, मध्ये आडवी पट्टी, आणि बैठक व पाठ वेताने विणलेली.

या आकारामागील कारण समजून घेतले पाहिजे. चार सरळ पायांची खुर्ची रोजच्या ओढाताणीने सांध्यांत सैल होते व डुगडुगू लागते, कारण चौकोन तिरका होऊ शकतो. त्रिकोणाचे तसे नाही. त्याच्या बाजूंची लांबी न बदलता त्याचा आकार बदलता येत नाही. पाय आणि आडवी पट्टी यांच्या त्रिकोणामुळे साध्या लाकडी सांध्यांतही मजबुती येते. वेताचेही तसेच आहे. वेताच्या जाळीतून हवा खेळते. यामुळे उन्हाळ्यात सदरा पाठीला चिकटत नाही, आणि हिवाळ्यात पत्र्याच्या खुर्चीसारखा अंगाला गारवा लागत नाही. वेत भाराने किंचित झुकतो. त्यामुळे गादी नसतानाही बैठक मऊ लागते. तो तुटला तर खुर्ची टाकून द्यावी लागत नाही, तेवढी बैठक पुन्हा विणून घेता येते.

उच्च न्यायालयातील काही खुर्च्यांना गादी होती, कचेऱ्यांतील खुर्च्या वेताच्या होत्या. परंतु त्यांचे मूळ वळण एकच होते. दर्जानुसार सामानात फरक राहिला तरी खालच्या पायरीवरील माणसाच्या पाठीचा विचारही तेवढ्याच गंभीरपणे करण्यात आला. आपल्या पहिल्या आक्षेपाला येथे उत्तर मिळते. ऊब आणण्यासाठी खर्च लागला, पण तो वस्तूच्या दिमाखावर करण्यात आला नाही. तो बसणाऱ्याच्या शरीराकडे लक्ष देऊन करण्यात आला.

घुमणारा आवाज आणि लोकरीचे पडदे

उघड्या काँक्रीटच्या दालनात पहिली अडचण आवाजाची येते. शब्द भिंतीवर आदळून परत येतो, पुढच्या शब्दात मिसळतो आणि ऐकणाऱ्याला नुसता गलका ऐकू येतो. न्यायालयात तर हा दोष अक्षम्य होय. साक्षीदाराचा एक शब्द चुकीचा ऐकला गेल्यास त्याचे परिणाम कोणाच्या आयुष्यावर होतील हे सांगता येत नाही.

चंदीगडचे उच्च न्यायालय १९५५ साली सुरू झाले. तेथील दालनांसाठी ल कॉर्ब्यूझ्ये यांनी लोकरीचे चित्रपट योजले. हे एकूण नऊ पट होते. आठ दालनांत प्रत्येकी ६४ चौरस मीटरांचा आणि मुख्य न्यायमूर्तींच्या दालनात १४४ चौरस मीटरांचा. म्हणजे एका लहान दालनातील पट जमिनीवर अंथरला तर मध्यम आकाराच्या एका सदनिकेएवढी जागा व्यापील. काश्मीरमधील विणकरांनी ते विणले. सूर्य, ढग, वीज, तराजू अशा खुणा त्यांवर आहेत. ते शोभेसाठी आहेत असे प्रथमदर्शनी वाटते; पण त्यांचे खरे काम आवाज शोषून घेण्याचे होते. ज्या खर्चातून भिंतीची शोभा साधते त्याच खर्चातून तिचा दोषही दूर व्हावा, असा हा हिशेब होता.

तथापि, या कथेला दुसरी बाजूही आहे. काही न्यायमूर्तींनी या पटांना हरकत घेतली. ज्यांनी रोज त्या भिंतीखाली बसावयाचे होते त्यांना ती रंगीत चिन्हे न्यायासनाला साजेशी वाटली नाहीत. येथे कोणाची बाजू बरोबर होती याचा निवाडा करण्याचे आपल्याला कारण नाही. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी: खोलीत राहणाऱ्यांना न विचारता त्यांच्यासाठी तयार केलेली ऊब त्यांना परकीच वाटते.

आवाजाचे हे शास्त्र एका अमेरिकन प्राध्यापकाने अगदी स्वस्तात शोधून काढले, हे येथे सांगण्याजोगे आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळेनासे झाले, म्हणून तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांना त्यावर उपाय शोधण्यास सांगण्यात आले. तेथे उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. सॅबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्रीच्या वेळी तेथे नेल्या. ऑर्गनची नळी, सेकंद मोजणारे घड्याळ आणि या गाद्या एवढ्याच साधनांनिशी त्यांनी गाद्यांची संख्या वाढवीत प्रत्येक वेळी घुमण्याचा अवधी मोजला. त्यातून एक सरळ नियम हाती आला. खोलीचे घनफळ घनमीटरांत घ्यावे, त्याला ०.१६ ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे; येणारे उत्तर म्हणजे आवाज घुमत राहण्याचे सेकंद.

हा नियम आपल्या खोलीला लावून पाहू. ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी बैठकीची खोली घ्या. तिचे घनफळ ७२ घनमीटर होते, आणि भिंती, छत व जमीन मिळून १०८ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. सिमेंटचा गिलावा व फरशी आवाजाचे शंभरातील जेमतेम तीन भाग शोषतात. म्हणजे रिकाम्या खोलीत आवाज सुमारे साडेतीन सेकंद घुमेल. आठ माणसे आत येऊन बसली की त्यांच्या अंगांमुळे व कपड्यांमुळे हा काळ सुमारे पावणेदोन सेकंदांवर येतो. आता जमिनीवर १५ चौरस मीटरांची जाड सतरंजी अंथरा, खिडक्यांना ८ चौरस मीटरांचे जाड चुणीदार पडदे लावा आणि एका भिंतीवर ६ चौरस मीटरांची घोंगडी, भिंतीपासून दोन बोटे अंतर सोडून, टांगा. घुमण्याचा काळ पाऊण सेकंदाच्या आत येतो. बोलणे स्पष्ट ऐकू येण्यास एवढे पुरेसे असते. यात कोठेही महागडी वस्तू नाही. चंदीगडच्या माणसाला सतरंजी पानिपतहून मिळते. फाळणीनंतर पश्चिमेकडून आलेल्या विणकरांनी ते गाव हातमागाचे मोठे केंद्र बनविले. आपल्याकडे सोलापूरची चादर आहे, धनगरांची घोंगडी आहे. भिंत मोकळी ठेवून सोफ्यावर खर्च करण्याआधी याचा विचार व्हावा.

ऊन, सावली आणि वारा

तिसरा प्रश्न उन्हाचा. चंदीगडच्या इमारतींवर काँक्रीटच्या खोल चौकटी दिसतात. त्या ऊन अडविण्यासाठी आहेत. काचेच्या बाजूला उभ्या अरुंद झडपा ठेवून त्यांना डासांची जाळी लावण्यात आली, म्हणजे प्रकाशासाठी काच आणि हवेसाठी झडप अशी कामाची विभागणी झाली. या योजनेत उणिवाही राहिल्या. काँक्रीट दिवसभर तापते आणि संध्याकाळी तीच उष्णता आत सोडते. म्हणून मोठ्या इमारतीची नक्कल करण्यापेक्षा तिच्यामागील तत्त्व घ्यावे.

ते तत्त्व असे. चंदीगड उत्तर गोलार्धात सुमारे ३०.७ अंशांवर आहे. तेथे २१ जूनच्या सुमारास दुपारी सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ८३ अंश वर असतो, म्हणजे अगदी डोक्यावर. २१ डिसेंबरच्या सुमारास तो केवळ ३६ अंशांपर्यंत चढतो. दक्षिणेकडील १२० सेंटिमीटर उंचीच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरांचे छज्जे असेल तर जूनच्या दुपारी संपूर्ण खिडकी सावलीत राहते. डिसेंबरात मात्र तिचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग उन्हात येतो. तेच छज्जे उन्हाळ्यात गारवा देते आणि हिवाळ्यात ऊब. जेथे छज्जे नाही तेथे बाहेरून बांबूच्या कांब्यांची चिक सोडावी. पडदा आत लावला तर ऊन काचेतून आत येऊन चुकलेले असते. चिक बाहेर असली की ते उंबऱ्यापलीकडेच थांबते. हिवाळ्यात ती गुंडाळून ठेवावी आणि बैठकीचे मेज दक्षिणेच्या खिडकीजवळ सरकवावे. जानेवारीतील चंदीगडात याहून स्वस्त शेगडी नाही.

दिव्यांच्या बाबतीतही असाच विचार करावा. छताच्या मध्यभागी एकच प्रखर पांढरी नळी लावली की सर्वांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि चेहरे आजारी दिसतात. त्याऐवजी पिवळसर छटेचे, सुमारे ३००० केल्व्हिनचे, दोन-तीन कमी शक्तीचे दिवे निरनिराळ्या ठिकाणी लावावेत. त्यांतील एक भिंतीकडे वळवावा. भिंतीवरून परतलेला प्रकाश मऊ असतो, आणि समोरच्याचा चेहरा नीट दिसला म्हणजे त्याच्याशी बोलणे सोपे जाते.

खुर्च्या कशा मांडाव्यात

आतापर्यंत सांगितलेल्या उपायांना थोडाफार खर्च येतो. पुढील उपायाला काहीच येत नाही. १९५० नंतरच्या दशकात कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातील एका रुग्णालयात वृद्ध स्त्रियांच्या कक्षाचे नूतनीकरण झाले. नव्या खुर्च्या आल्या, भिंती रंगविल्या गेल्या. तरीही त्या स्त्रिया एकमेकींशी बोलत नव्हत्या. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांच्या लक्षात आले की सर्व खुर्च्या भिंतीला टेकवून ओळीने मांडलेल्या आहेत. शेजारणीकडे पाहण्यासाठी मान वळवावी लागे, आणि समोरची फार दूर असे. त्यांनी त्याच खुर्च्या लहान चौकोनी मेजांभोवती मांडल्या. काही आठवड्यांत संभाषणे लक्षणीय वाढली.

आपल्या प्रतीक्षागृहांत आणि सभाकक्षांत खुर्च्या भिंतीला टेकवूनच मांडण्याची रीत आहे. त्यामुळे झाडलोट सोपी होते, हे खरे. पण खोली झाडूवाल्याच्या सोयीसाठी नसून बोलणाऱ्यांसाठी आहे. आठ-दहा माणसांसाठी लांबट मेजापेक्षा चौरस किंवा गोल मेज बरे. लांबट मेजच हाताशी असेल तर अध्यक्षाने टोकाला न बसता लांब बाजूच्या मध्यभागी बसावे. तक्रार सांगण्यास आलेल्या माणसाला मेजापलीकडे न बसविता कोपऱ्यालगतच्या बाजूला बसवावे. तेथे अंतर कमी होते, आणि सतत डोळ्याला डोळा भिडविण्याची सक्तीही राहत नाही.

दुसरा आक्षेप दबदब्याचा होता. त्याचे उत्तर येथे मिळते. ज्या खोलीत माणूस खरे बोलू शकतो त्या खोलीतील निर्णय अधिक टिकतात. आणि निर्णय टिकणे हाच कचेरीचा खरा दबदबा होय.

निर्लेखनाची नोंद

चंदीगडच्या खुर्च्यांचे पुढे काय झाले, हा या धड्याचा सर्वांत उद्बोधक भाग आहे. वर्षे गेली. वेत तुटला, रंग उडाला. वेत विणून घेण्याची व्यवस्था राहिली नाही. पत्र्याची आणि प्लॅस्टिकची नवी खुर्ची अधिक ‘आधुनिक’ वाटू लागली. जुन्या खुर्च्या गच्चीवर आणि जिन्याखाली ढिगाने पडल्या, आणि शेवटी निर्लेखित होऊन भंगार म्हणून लिलावात गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या, दुरुस्त केल्या आणि यूरोप-अमेरिकेतील लिलावांत त्यांना लाखो रुपयांच्या किमती मिळू लागल्या. पाठीवर रंगविलेले कचेरीचे क्रमांक तेथे अस्सलपणाचा पुरावा मानले गेले. २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा सामानाच्या विक्रीवर व निर्यातीवर निर्बंध घालणारा आदेश काढला. शहरात उरलेल्या वस्तूंची मोजदाद झाली तेव्हा त्यांची संख्या साडेबारा हजारांहून अधिक भरली. २०१६ साली तेथील राजधानी संकुलाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

या हकिकतीतून केवळ किमतीचा बोध घेणे योग्य होणार नाही. खुर्चीचे मोल लिलावाने ठरले नाही. ते ती बनविली तेव्हाच ठरले होते. वापरणाऱ्यांना ते दिसेनासे झाले एवढेच. आपल्याही कचेरीच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत अशी एखादी नोंद असण्याचा संभव आहे: जुने सागवानी बाक, शिसवी कपाट, पितळी घंटा, हातमागाचे जाजम. नवीन खरेदीसाठी दरपत्रके मागविण्यापूर्वी एकदा भांडारगृहाचे कुलूप काढून पाहावे. निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी ‘दुरुस्तीस किती येईल?’ हा एक प्रश्न विचारावा.

खर्चाचा क्रम

सादिलवार खर्चाच्या मर्यादेत राहून एका सामान्य खोलीला ऊब कशी आणता येईल, याचा क्रम आता मांडता येईल. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी करावे, आणि खरेदी शेवटी.

प्रथम खोलीतून जे काढावयाचे ते काढावे. बंद पडलेला पंखा, गेल्या दशकातील गठ्ठे, भिंतीवरील कालबाह्य तक्ते आणि धूळ बसलेली कागदी फुले गेली की खोली निम्मी सुधारते. दुसऱ्या पायरीला खुर्च्या-मेजे हलवावीत. प्रकाश कोणत्या बाजूने येतो आणि वारा कोठून वाहतो ते आठवडाभर पाहून त्यांची जागा ठरवावी. तिसऱ्या पायरीला दुरुस्ती करावी: डुगडुगणारे पाय, तुटलेला वेत, न लागणारी खिडकी, करकरणारे दार. खुर्च्यांच्या पायांना खालून रबरी टोप्या बसविल्या तर आवाजाचा मोठा उपद्रव थोड्या रुपयांत थांबतो. चौथ्या पायरीला कापड यावे: सतरंजी, पडदे, भिंतीवरील घोंगडी किंवा चादर. पाचव्या पायरीला दिवे. रंग द्यावयाचा असेल तर तो सहाव्या पायरीला. छत पांढरे ठेवावे म्हणजे प्रकाश खेळतो, आणि भिंतींना मातकट किंवा फिकट पिवळी छटा द्यावी. एवढे झाल्यावर पैसे उरलेच तर नवीन वस्तू घ्यावी, आणि ती गावातील सुताराकडून करून घ्यावी, म्हणजे मोडल्यावर ती नीट करणारा माणूस जवळ असेल.

याखेरीज काही बारीक गोष्टी आहेत. दाराजवळ छत्री आणि पिशवी टांगण्यास खुंटी असावी. पाण्याचा माठ आणि स्वच्छ पेले हाताशी असावेत, म्हणजे पाणी मागण्याचा संकोच वाटणार नाही. म्हाताऱ्या माणसासाठी हात असलेली, फार खोल नसलेली एक खुर्ची राखून ठेवावी. बैठकीची उंची ४० ते ४५ सेंटिमीटर असली म्हणजे उठताना गुडघ्यांना त्रास होत नाही. या गोष्टींची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही. परंतु येणारा माणूस त्यांवरूनच आपण येथे अपेक्षित आहोत की नाही हे ओळखतो.

खोली सजविण्यापूर्वी ती वापरणाऱ्या सर्वांना एकदा विचारावे. अधिकाऱ्यांना, लिपिकांना आणि शिपायालाही. चंदीगडच्या चित्रपटांवरील वादाने एवढे तरी आपल्याला शिकविले आहे.

स्वाध्याय

वाचकाने आपल्या कचेरीतील बैठकीच्या खोलीत एकटे असताना पुढील प्रयोग करून पाहावा. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा टाळी वाजवावी आणि तिचा नाद किती वेळ रेंगाळतो ते ऐकावे. मग दारातून आत येऊन, येथे प्रथमच आलो आहोत असे समजून, अभ्यागताच्या खुर्चीवर पंधरा मिनिटे बसावे. पाठ टेकते का? डोळ्यांवर उजेड येतो का? समोरच्या खुर्चीवरील माणसाचा चेहरा दिसेल का? हळू आवाजात बोललेले तेथवर पोचेल का? या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. खर्चाची यादी त्यानंतर करावी. ती अपेक्षेपेक्षा पुष्कळच लहान होईल.